जुन्या घड्याळाचं पोट साफ करा, चेहऱ्याला हात लावू नका

अण्णांचं एचएमटी जनता कपाटात पंधरा वर्षं पडून होतं, मागच्या महिन्यात काढलं, चावी दिली, दोन मिनिटं टिकटिक झाली आणि बंद. आई म्हणाली दोन झटके दे, चालू होतं ते. आणि खरंच होतं, पण प्लीज असं करू नका, आणि का करू नका ते नीट समजून घ्या.

चावीच्या घड्याळात बॅलन्स व्हील नावाचं एक छोटं चाक असतं, ते पुढे-मागे झुलतं आणि त्यावर सगळी वेळ चालते. जनतामध्ये तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला 5, दिवसाला 4,32,000 आणि वर्षाचे झाले 15 कोटींच्या वर. हे चाक ज्या टोकांवर फिरतं ती टोकं साधारण 0.1 मिलिमीटर जाडीची, आपल्या केसापेक्षा थोडीशीच जाड. ती टोकं माणकाच्या भोकात बसवलेली असतात (डायलवर 17 ज्वेल्स लिहिलेलं असतं ना, ते हेच, कारखान्यात बनवलेलं माणिक) आणि मध्ये तेलाचा अगदी बारीकसा थेंब. हे तेल वर्षानुवर्षं पडून राहिलं की घट्ट चिकट होतं, त्यात धूळ मिसळते आणि त्याची होते घासायची पेस्ट. माणिक स्टीलपेक्षा कडक, त्यामुळे झिजतं ते टोकच. म्हणजे तेल सुकलेलं घड्याळ बंद पडलेलं असेल तर निदान सुरक्षित तरी आहे, झटके देऊन रोज चालवलं की ते आतून स्वतःलाच खातं.

सर्व्हिसिंग म्हणजे मागचं झाकण उघडून वरून तेल सोडणं नाही, आणि गंज काढायचा स्प्रे तर नाहीच नाही. सगळं सुटं करायचं, एकेक भाग धुवायचा, सुकवायचा, मग परत जोडताना ठरलेल्या जागी ठरलेलं तेल. मेनस्प्रिंगला (चावी दिली की गुंडाळली जाते ती स्प्रिंग) दाट, बॅलन्सला एकदम पातळ, आणि काही जागा मुद्दाम कोरड्या ठेवायच्या. थेंब जास्त पडला तर तो माणकाच्या वाटीत टिकत नाही, पसरून निघून जातो आणि जागा परत कोरडी, म्हणून जास्त तेल हे कमी तेलाइतकंच वाईट.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. प्रत्येक ठोक्याला आतलं दुसरं एक दातेरी चाक अडवणारा आणि सोडणारा जो छोटासा काटा असतो (वेळ दाखवणारा नाही, आतला पॅलेट फोर्क), त्याचे दोन माणिक जुन्या घड्याळात लाखेने चिकटवलेले असतात. लाख म्हणजे आपली बांगड्यांची लाख, तीच! आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे यूट्यूब बघून कुणी सगळे पार्ट स्पिरिटमध्ये भिजत घातले तर तो दगड सुटून येणार हे नक्की.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर लगेच मोठा खर्च धरू नका. बऱ्याचदा हेअरस्प्रिंगला (बॅलन्स व्हीलला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) चुंबकत्व लागलेलं असतं, मोबाईल कव्हरचं मॅग्नेट किंवा स्पीकर पुरतो. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते, ठोके भराभर पडतात. दुकानात डीमॅग्नेटायझर असतो, काही सेकंदांचं काम.

आता चेहरा, म्हणजे डायल. माझ्या मामांचं जुनं घड्याळ एका दुकानात दिलं होतं, परत आलं ते डायल नव्याने रंगवून, चकचकीत, पण अक्षरं जाड आणि आधीचा मोत्यासारखा पिवळसरपणा गायब. मामा बराच वेळ नुसते बघत राहिले. अशा नव्याने रंगवलेल्या, इकडचे तिकडचे पार्ट जोडलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने नाही. आतलं तेल परत बदलता येतं, पण मूळ छपाई एकदा पुसली की गेली. घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, पॉलिश करण्याचंही तेच, दरवेळी थोडा धातू जातो, कडा गोल होतात, आणि पितळेवर क्रोमचा मुलामा असेल तर खालचं पितळच दिसायला लागतं.

एक धोक्याचं सांगायलाच हवं. 1960 च्या आधीच्या अनेक घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या काट्यांवर रेडियम आहे. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं अजिबात नाही, चमकणारी पावडर थकलेली असते, रेडियम अर्धं व्हायलाच 1,600 वर्षं लागतात. असं घड्याळ घरी उघडू नका, ते खरवडू तर मुळीच नका, पोटात किंवा श्वासात गेलेली धूळ हाच खरा धोका.

एचएमटीचा घड्याळ कारखाना 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला सुरू झाला आणि 2016 मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, त्यामुळे आता पार्ट बहुतेक दुसऱ्या बंद घड्याळातूनच काढावे लागतात. म्हणून बदललेला जुना पार्टही मागून घ्या आणि पुडीत जपून ठेवा.

अण्णांच्या घड्याळाचं मागचं झाकण घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी माझ्यासमोर उघडलं, भिंगातून दाखवलं, आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या दोन बारीक तारखा होत्या, 1984 आणि 1991, आधीच्या कारागिरांनी केलेल्या सर्व्हिसिंगच्या. काका म्हणाले आता आम्ही कोरत नाही, वहीत लिहितो. मी त्यांच्याकडून एका चिठ्ठीवर तारीख आणि काय काय केलं ते लिहून घेतलं, आणि ती चिठ्ठी घड्याळाच्या डबीतच ठेवलीये.