पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर, दहा गोळ्यांचं पिस्तूल आणि मायामीतली एक सकाळ

अमेरिकेत कपड्यांखाली दडवून शस्त्र बाळगायचं ठरवलेल्या माणसाला हितचिंतकांची वाण पडत नाही. त्यांचे दोन तट आहेत, एक रिव्हॉल्वरवाल्यांचा, दुसरा पिस्तूलवाल्यांचा. ‘रिव्हॉल्वर अडत नाही’ हे एका तटाचं पालुपद, तर ‘पाच गोळ्यांनी काय होणार?’ हे दुसऱ्याचं. गंमत अशी की, ज्याच्यासाठी हा वाद चालतो त्या सामान्य नागरिकाचा या दोन्ही वाक्यांच्या जन्माशी फारसा संबंध नाही. ती पोलिसांच्या घरची आहेत. तिथला निकाल पिस्तुलाच्या बाजूने लागून तीसेक वर्षं झाली आणि तोच निकाल आता घराघरांत लावला जातोय.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. फिरत्या चक्रीच्या रिव्हॉल्वरचं अमेरिकी पेटंट १८३६ चं. एकोणिसावं शतक सरताना .३८ स्पेशल हे काडतूस आलं (आकडा गोळीच्या जाडीचा, अंदाजे इंचांत) आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं अमेरिकी पोलिसाच्या कमरेला तेच राहिलं. सैन्याने मात्र १९११ साली .४५ चं स्वतःहून भरणारं पिस्तूल स्वीकारलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने दडवून बाळगायच्या शस्त्रांसाठी परवाना सक्तीचा केला. हा निव्वळ योगायोग.

एका शब्दाने या विषयात बराच घोळ घातला आहे. या पिस्तुलांना जुन्या काळापासून ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, .४५ च्या त्या काडतुसाच्या अधिकृत नावातही तो शब्द आहे. अर्थ एवढाच की, झाडलेल्या गोळीच्या जोरावर रिकामं टरफल बाहेर पडतं आणि पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी चढते. चाप मात्र दर गोळीला नव्याने ओढावाच लागतो. मशीनगनशी या पिस्तुलाचं नातं नाही. तरी ऐंशीच्या दशकात पोलिसांना ‘ऑटोमॅटिक’ द्यायची म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे गोळ्यांचा पाऊस उभा राहिला, त्यात या शब्दाचा वाटा मोठा होता.

दडवण्याजोगं रिव्हॉल्वरही पोलिसांसाठीच घडलं. १९२७ मध्ये दोन इंची नळीचं, सहा गोळ्यांचं एक मॉडेल बाजारात आलं. त्याच्या नावातच ‘डिटेक्टिव्ह’ होतं. १९५० मध्ये प्रतिस्पर्धी कारखान्याने चक्रीतली एक गोळी कमी करून आणखी बारीक रिव्हॉल्वर काढलं. पोलिसप्रमुखांच्या एका परिषदेत ते दाखवलं आणि तिथेच मतदान घेऊन त्याचं बारसं केलं. ‘चीफ’ हा शब्द त्या नावात कुठून आला हे वेगळं सांगायला नको. दोनच वर्षांनी त्याची घोडा (चाप ओढल्यावर काडतुसावर आपटणारा भाग) आत दडवलेली आवृत्ती आली. कोटाच्या खिशातून काढताना अडकायला काही उरलं नाही, वेळ आलीच तर खिशातूनच झाडता येऊ लागलं. आज खिशातल्या रिव्हॉल्वरचं समर्थन करणारा जे मुद्दे मांडतो, ते सगळे १९५२ मध्येच मांडून झाले होते.

तोवर पिस्तूल म्हणजे हौशी किंवा सैनिकी माणसाचं काम, असा पोलिसांत समज होता. १९६७ मध्ये मध्य-पश्चिमेकडच्या एका राज्याच्या पोलिस दलाने ९ मिलिमीटरची पिस्तुलं घेतली, पण बाकीच्यांनी ते पाहून सोडून दिलं. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात एका रात्री काही मिनिटांत चार गस्ती पोलिस मारले गेले. त्यानंतरही रिव्हॉल्वर गेलं नाही. ते लवकर भरता यावं म्हणून सहाही गोळ्या एकदम चक्रीत सोडणारं गोल साधन तेवढं आलं.

मग ११ एप्रिल १९८६. या सकाळीपाशी थांबावंच लागतं, कारण पुढचं बहुतेक सगळं तिच्या अर्थावरून ठरलं. तो अर्थ माझ्या मते अर्धाच लावला गेला.

मायामीजवळ अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या (एफबीआय) आठ जणांनी बँका आणि रोकड गाड्या लुटणाऱ्या दोघांची मोटार ठोकून अडवली. काही मिनिटांच्या गोळीबारात यंत्रणेचे दोघे ठार आणि पाच जखमी झाले. दोन्ही लुटारूही मेले. त्यातल्या एकाकडे .२२३ ची अर्धस्वयंचलित रायफल होती आणि बहुतेक हानी तिनेच केली. आठपैकी तिघांकडे ९ मिलिमीटरची पिस्तुलं होती, बाकीच्यांकडे रिव्हॉल्वर.

या झटापटीतून कुणालाही हवा तो धडा निघतो. रिव्हॉल्वर नको म्हणणारा सांगेल की, एका एजंटाचं रिव्हॉल्वर रिकामं झालं आणि हाताला जखम असल्याने त्याला ते पुन्हा भरता आलं नाही. खरं आहे. मोटारींच्या धडकेत हातचं शस्त्र गमावलेला दुसरा एक जण जोडीला बाळगलेल्या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्वरवर लढला आणि ते भरत असतानाच जखमी झाला. हेही खरं. पण रायफलवाल्याच्या दंडातून छातीत शिरून हृदयाच्या थोडी अलीकडे थांबलेली गोळी पिस्तुलातली होती. ती लागल्यानंतरही तो लढत राहिला आणि दोन एजंटांना त्याने त्यानंतरच मारलं. एका एजंटाचं पिस्तूल शत्रूची गोळी लागून निकामी झालं. आणि शेवट कुणी केला? एक हात लुळा पडलेल्या एजंटाने, दुसऱ्या हातातल्या सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरने.

अधिकृत चौकशीचा रोख मुख्यतः त्या अलीकडे थांबलेल्या गोळीवर गेला. ती आणखी खोल का गेली नाही? त्यातून शरीराऐवजी वापरायच्या जिलेटिनच्या ठोकळ्यांवरच्या चाचण्या आल्या आणि गोळी किमान १२ इंच आत गेलीच पाहिजे हा निकष आला. आजही खासगी बाळगण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काडतुसांच्या जाहिराती याच १२ इंचांची शपथ घेतात. निकष चांगला होता. पण गोळीविषयीच्या चर्चेला रिव्हॉल्वर मोडीत काढायचा निर्णय नकळत चिकटला. यंत्रणेने आधी १० मिलिमीटरचं दणकट पिस्तूल निवडलं. त्याचा धक्का अनेकांना झेपेना, म्हणून काडतूस सौम्य केलं. मग एवढ्या कमी दारूसाठी एवढं लांब टरफल कशाला, असा विचार होऊन १९९० मध्ये .४० चं आखूड काडतूस जन्मलं आणि देशभरच्या पोलिसांनी ते उचललं. पंचवीसेक वर्षांनी, नव्या बनावटीच्या गोळ्या आल्यावर, हीच यंत्रणा पुन्हा ९ मिलिमीटरवर आली. ज्या आकाराच्या गोळीवर ठपका ठेवून हा प्रवास सुरू झाला, तोच आकार. मधल्या काळात रिव्हॉल्वरवर कुणी रीतसर ठपका ठेवला नाही, ते आपोआप बाद झालं.

रिव्हॉल्वर एवढ्या सहज बाद होण्याचं कारण वेगळंच होतं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने पॉलिमर चौकटीचं १७ गोळ्यांचं पिस्तूल घेतलं होतं, ते ऐंशीच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत पोचलं. ‘प्लॅस्टिकचं पिस्तूल विमानतळाच्या यंत्राला दिसत नाही’ अशी आवई उठली, पण वजनाने ते बहुतांश पोलादच होतं. महत्त्वाचं काही असेल तर त्याचा चाप. बाहेर सेफ्टीचा खटका नाही, घोडा चढवायला नको, प्रत्येक गोळीला चापाची ओढ सारखीच. ‘काढा आणि चाप ओढा’ हा साधेपणा तोवर फक्त रिव्हॉल्वरकडे होता. तो हिरावल्यावर उरली फक्त गोळ्यांची मोजणी आणि तीत रिव्हॉल्वर हरणारच होतं.

साधेपणाची किंमतही होती. रिव्हॉल्वरचा चाप दहा-बारा पौंड जोराने ओढावा लागतो, तीच त्याची सेफ्टी. नव्या पिस्तुलाचा चाप त्याच्या साधारण निम्म्याने हलका. देशातल्या सर्वांत मोठ्या शहराच्या पोलिस दलाने १९९३ मध्ये पिस्तुलांना परवानगी दिली, पण चाप १२ पौंडांपर्यंत जड करवून. पिस्तूल घ्यायचं आणि त्याला रिव्हॉल्वरसारखं वागायला लावायचं! या तडजोडीची टिंगल खूप झाली, कारण जड चापाने नेम बिघडतो. पण बोट चुकून चापावर गेल्याची भीती खरी होती आणि पोटाजवळ, पॅन्टच्या आत पिस्तूल खोचणाऱ्या नागरिकाला तर ती अधिकच लागू आहे.

नागरिक या गोष्टीत आला तो कायद्यामुळे. १९८७ मध्ये फ्लोरिडाने अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना द्यायचं धोरण घेतलं आणि राज्यामागून राज्यं त्या वाटेने गेली. १९९४ मध्ये केंद्रीय कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्या मावणारी नवी मॅगझिन (पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) नागरिकांना विकायला बंदी आली. ती दहा वर्षं टिकली. मोठ्या पिस्तुलाचा मोठेपणा मॅगझिनमध्ये असतो. दहाच गोळ्या भरायच्या तर एवढं धूड कशाला मिरवायचं, असा हिशेब झाला आणि १९९५ पासून कारखान्यांनी दहा गोळ्यांची लहान पिस्तुलं काढायचा सपाटा लावला. बंदी घालणाऱ्यांच्या मनात काहीही असो, दडवता येणाऱ्या पिस्तुलाला तिने ऐन वेळी बाजार मिळवून दिला.

बाकीचं अलीकडचं आहे आणि बहुतेकांना माहीत आहे. २००८ मध्ये .३८० चं साडेनऊ औंसांचं पिस्तूल आलं आणि खिशावरची रिव्हॉल्वरची मक्तेदारी मोडली. २०१८ मध्ये जेमतेम इंचभर जाडीच्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात दहा गोळ्या बसल्या. पाच गोळ्यांची चक्री याहून जाड भरते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘सबळ कारण दाखवा’ ही शंभर वर्षांहून जुनी अट रद्द केली. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याचीही गरज उरली नाही, म्हणजे परवान्यासाठी सक्तीचं प्रशिक्षणही तिथे उरलं नाही.

एवढं होऊनही लहान रिव्हॉल्वर विकलं जातंच. २००९ मध्ये तर पॉलिमर वापरलेलं नवं मॉडेल आलं. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचायला मनगटात जोर लागतो, वयस्कर किंवा संधिवाताच्या हातांना तो नसतो. पिस्तूल समोरच्याच्या अंगाला टेकलं तर स्लाइड मागे सरून ते झडत नाही, रिव्हॉल्वर झडतं. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. ‘अडत नाही’ हे मात्र अर्धसत्य आहे. हलक्या रिव्हॉल्वरच्या धक्क्याने काडतुसातली गोळी पुढे सरकून चक्री जाम होते, तेव्हा ते पिस्तुलासारखं जागेवर झटकून चालू करता येत नाही. आणि आखूड नळी, जड चाप, जोरदार धक्का हे तिन्ही एकत्र आल्याने नवशिक्याला हेच शस्त्र सर्वांत अवघड जातं. दुकानात ते ‘सोपं’ म्हणून त्याच्याच हाती दिलं जातं, हा भाग वेगळा.

१९९३ च्या आधी भरती झालेल्या काही पोलिसांनी त्या मोठ्या शहरात रिव्हॉल्वर सोडलं नव्हतं. दलाने त्यांना तशी मुभा ठेवली होती. पंचवीस वर्षांनी, २०१८ मध्ये ती संपली. तेव्हा अशी दीडशेच्या आसपास माणसं उरली होती.