बालकल्याण समिती (मुंबई)

असुरक्षित घरातून बाहेर काढलेल्या मुलाने पुढे कोठे राहायचे, हे ठरवणारी वैधानिक समिती. आईवडिलांच्या घटस्फोटात मुलाचा ताबा कोणाकडे, हा प्रश्न वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा. मारहाण, अत्याचार, हेळसांड यांतून सोडवलेल्या मुलाची सोय मात्र ही समिती लावते. बालन्याय अधिनियम, 2015 नुसार तिच्यात अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात.

मुलाला 24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ वगळून) समितीपुढे आणावे लागते. तेथे न्यायालयासारखा उंच चौथरा नसतो, पिंजरा नसतो. कारण तशा वातावरणात घाबरलेले मूल तोंड उघडणारच नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय घरातल्याच माणसावर असेल, तर मुलाला त्या घरात ठेवायचे की नाही, हे पॉक्सो (लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) नियमांनुसार तीन दिवसांत ठरवावे लागते.

निर्णयाची सारी मदार सामाजिक तपासणी अहवालावर असते. तो 15 दिवसांत पूर्ण व्हावा आणि अंतिम आदेश चार महिन्यांत निघावा, असे कायदा सांगतो. अहवालासाठी घरी जाऊन चौकशी करावी लागते. समजा, गोवंडीत एका खोलीत राहणारी मावशी भाचीला सांभाळायला तयार आहे. मग खोली किती फुटांची, याला फार महत्त्व नाही. जागेवरून घर नापास करायचे तर मुंबईतली बहुतेक कष्टकरी घरे बाद होतील. रात्री तिथे कोण कोण झोपते, ज्याच्यावर आरोप आहे त्याची ये-जा आहे का, शाळा तुटेल का, हे पाहायला हवे. आणि भाचीला स्वतःला तिथे राहायचे आहे का, हे तिलाच विचारायला हवे. मुलाचे म्हणणे ऐकणे हे कायद्याचेच तत्त्व आहे. घाईत तेच वगळले, तर बाकीचा अहवाल कितीही जाड असला तरी अपुराच.

आधी स्वतःचे कुटुंब, ते सुरक्षित नसेल तर नातेवाईक किंवा योग्य व्यक्ती, प्रतिपालक कुटुंब (मुलाला आपल्याकडे ठेवून सांभाळणारे दुसरे कुटुंब), आणि अगदी शेवटी संस्था, असा कायद्याचा कल आहे. नातेवाइकांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून आर्थिक आधार मिळू शकतो. सहा वर्षांखालील अनाथ किंवा टाकून दिलेली बालके विशेष दत्तक संस्थेत जातात. डोंगरी व मानखुर्द येथील मुलांच्या संस्था 1927 साली स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी चालवते.

समितीच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. प्रतिपालकत्वाच्या आदेशाविरुद्ध मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे.