रेल्वे म्हणजे गाडी नाही, वाट

पुण्यात आपण सहज बोलून जातो, रेल्वेने आलो, रेल्वे लेट आहे, मामा रेल्वेत आहे. एकाच शब्दात गाडी पण आली, खातं पण आलं नि नोकरी पण. पण मूळ शब्दात गाडी कुठेच नाहीये! रेल म्हणजे रूळ, वे म्हणजे वाट, बास. याचं अगदी नेमकं मराठी पोलिसांनी जपलंय, पुणे स्टेशनवर 'लोहमार्ग पोलीस' लिहिलेलं असतं बघा.

आगगाडी हा शब्द मला फार गोड वाटतो, पण त्यात सगळं श्रेय आगीला मिळालं आणि खरी करामत आहे रुळांची. वाफेचं इंजिन यायच्या कितीतरी आधीपासून युरोपातल्या खाणींत लाकडी रुळांवरून गाड्या ढकलायचे, घोडे जुंपायचे, आणि लंडनजवळ १८०३ मध्ये सुरू झालेली सरे आयर्न रेल्वे पण घोड्यांचीच होती, तरी नाव रेल्वेच.

घोडा तोच, मग रुळावर तो इतकं जास्त ओझं कसं ओढतो? कच्च्या रस्त्यात चाक रुततं. रबरी टायर सुद्धा प्रत्येक फेऱ्यात दबतो, परत पूर्ववत होतो, त्यात ताकद वाया जाते. पोलादी चाक पोलादी रुळावर जेमतेम नाण्याएवढ्या जागेत टेकतं आणि दबतं म्हणाल तर नावाला, त्यामुळे एकदा गाडी चालू लागली की ती चालती ठेवायला फार कमी जोर लागतो.

पण हाच गुळगुळीतपणा चढावर नडतो, कारण इंजिनाच्या चाकांना पकडच कमी मिळते, पावसात तर अजूनच, म्हणून चाकापुढे वाळू सोडायची सोय इंजिनातच असते. आपला भोर घाट घ्या, १८६३ मध्ये ही वाट सुरू झाली, चढ काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर. गाडीवाल्याला हे काहीच नाही हो, पण रेल्वेसाठी प्रचंड! म्हणून तर मुंबईहून येताना कर्जतला गाडी थांबते, आपण वडापाव घ्यायला खाली उतरतो आणि तेवढ्यात मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जास्तीची इंजिनं लागतात, ती लोणावळ्याच्या बाजूला घाट चढून गेलं की सुटतात.