पारंपरिक ज्ञान आणि हवामानबदल अनुकूलन : नाशिक जिल्हा

बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठी पाणी, जमीन व जंगल यांचे आराखडे करताना स्थानिक समाजांच्या पिढीजात ज्ञानाचा आधार घेणे. पॅरिस कराराच्या (२०१५) सातव्या अनुच्छेदात विज्ञानाबरोबरच अशा ज्ञानाचाही उल्लेख आहे.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागात कोकणा, महादेव कोळी व वारली शेतकरी नागली, वरई आणि भात घेतात. उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवे (लवकर तयार होणारे) भात आणि ओल टिकणाऱ्या खोलगट जागी गरवे (उशिरा तयार होणारे), अशी त्यांची विभागणी असते. पाऊस लवकर आटोपला तरी सगळे पीक एकदम हातचे जात नाही.

पर्जन्यछायेतल्या, म्हणजे डोंगराआड असल्याने कमी पावसाच्या, बागलाण-मालेगावात मोसम व आरम या नद्यांवरची, काही शतके जुनी फड बागायत हे सर्वांत घडीव उदाहरण. नदीवर बंधारा घालून पाणी पाटाने वळवायचे, खालच्या जमिनीचे मोठे फड, म्हणजे तुकडे, पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडाला बारमाही पाणी, कोणत्याला हंगामी आणि कोणता पडीक, हे गाव नदीचे पाणी पाहून दरवर्षी ठरवते. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे टंचाईही सगळ्यांत वाटली जाते. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही. गावाने नेमलेला पाटकरी ते शेतोशेत फिरवतो, जागल्या उभ्या पिकाची राखण करतो. त्यांचा मोबदला पूर्वी धान्यात दिला जाई. आधी पाण्याचा अंदाज, मग पीक, ही शिस्त या पद्धतीचे मर्म होय. आजच्या आराखड्यांना जे अनुकूलन साधायचे आहे, ते इथे गावाच्या नियमातच बसवलेले होते.

मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर ही धरणे झाली, विहिरी व विद्युतपंप वाढले, जो तो आपापले पाणी पाहू लागला आणि बरेच फड मोडले. आता आराखड्यात नुसती बंधाऱ्याची दुरुस्ती धरली आणि पाटकरी व पडीक फड ठरवण्याचा गावाचा अधिकार वगळला, तर अडवलेले पाणी पंपवाल्यांच्याच वाट्याला जाण्याचा धोका राहतो.

पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा, १९९६) व वनहक्क कायदा (२००६) यांमुळे आदिवासी भागातील ग्रामसभांना जंगल व लहान जलसाठ्यांच्या नियोजनात कायदेशीर स्थान आहे. फडगावांना राज्याच्या २००५ च्या, सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या कायद्याखालील पाणी वापर संस्थेचा (शेतकऱ्यांच्या संस्थेचा) मार्ग खुला आहे. संस्थेला पाण्याचा कोटा घनमापाने मिळतो; तो फडाफडांत जुन्या नियमांनी वाटता येतो.