मही–ढाढर खाडीकिनारा आणि तिथले पक्षीनिरीक्षण

खंभातच्या आखाताच्या पूर्व बाजूस, मही आणि ढाढर या नद्यांच्या मुखांमधला चिखलाचा सलग पट्टा. याचा बहुतेक भाग भडोच जिल्ह्यातल्या जंबुसर तालुक्यात येतो. बडोद्याहून पादरा, जंबुसर, कावी या रस्त्याने कंबोई सुमारे ७५ किलोमीटर पडते. भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवामुळे ही जागा बडोद्यातल्या मराठी घरांना परिचयाची आहे. दर्शनाला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या हातात दुर्बीण असते, ही खेदाची गोष्ट आहे. हिवाळ्यात त्याच किनाऱ्यावरून सैबेरियाच्या टुंड्रातून आलेले पक्षी सहज दिसतात. बडोद्याचा या किनाऱ्याशी पाण्याचाही संबंध आहे. विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर आखाताला, त्यामुळे शहरातून नदीत गेलेला कचरा आणि सांडपाणी शेवटी याच चिखलात पोचते.

इथे सगळे काही भरतीवर चालते. आखात दक्षिणेला रुंद आणि उत्तरेकडे निमुळते असल्याने पाणी आत येताना चढत जाते, आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या पुढे जातो. भारताच्या किनाऱ्यावर एवढा फरक इतरत्र नाही. ओहोटीला पाणी कित्येक किलोमीटर मागे हटते आणि पक्षी त्याच्यामागे जातात. तेव्हा किनाऱ्यावर उभे राहिले तर उत्तम दुर्बिणीतूनही केवळ हलणारे ठिपके दिसतात. नवख्यांची निराशा होते ती बहुधा यामुळे. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास हीच कामाची वेळ. पाणी चढू लागले की पक्षी टप्प्याटप्प्याने काठाकडे ढकलले जातात आणि शेवटी बांधापासून शंभर-दीडशे मीटरवर दाटीने उभे राहतात.

तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा कोकणातला ठोकताळा इथे लावू नये. मुंबईला भरती आल्यावर ती आखाताच्या वरच्या टोकाला पोचायला काही तास जातात. समोरच्या काठावरच्या भावनगर बंदराचे कोष्टक पाहावे, थोडा फरक धरावा आणि पोचल्यावर मंदिरात वेळ विचारून खात्री करावी. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. दिवस निवडताना अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरावेत. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते. त्या वेळी दूरचा चिखल उघडाच राहतो आणि पक्ष्यांना काठावर येण्याची गरज पडत नाही. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी ऊन पाठीशी असते. दुपारनंतर ते डोळ्यांवर येते आणि सगळे पक्षी काळे दिसू लागतात. दहानंतर चिखलावरची हवा थरथरते, मग मोठ्या भिंगाचाही उपयोग होत नाही.

साधने थोडी लागतात: ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी) दुर्बीण, शक्य असल्यास २० ते ६० पटींची स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) आणि वाऱ्यात न हलणारी तिवई. चिखलात मात्र उतरू नये. वरून वाळलेला दिसणारा थर खाली मऊ असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. भरतीचे पाणी समोरून येण्याआधी मागच्या घळींत भरते, त्यामुळे आत गेलेल्याची परतीची वाट तुटते. बांधावरून दिसेल तेवढेच पाहावे.

पहिले पक्षी जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये उतरू लागतात. आधी प्रौढ येतात, त्या वर्षीची पिल्ले काही आठवड्यांनी. ऑक्टोबर ते मार्च हा भर हंगाम. रोहित, उचाट्या, शेकाट्या आणि चित्रबलाक कोणालाही ओळखता येतात. खरा कस लागतो तो लहान, करड्या-तपकिरी चिखलपक्ष्यांत. हिवाळी पिसाऱ्यात रंग फसवतो, म्हणून चोच, पाय आणि चाल पाहावी. छोटा टिलवा चिमणीएवढा, आखूड सरळ चोचीचा, काळ्या पायांचा. तो सतत धावत टिपतो. पाय पिवळसर दिसले तर तो टेमिंकचा टिलवा. डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर दोघांच्याही चोची टोकाशी खाली वाकलेल्या असतात, पण कर्ल्यू सँडपायपरची चोच लांब आणि पाय उंच. तेवढ्यावर ठरत नसेल तर उडण्याची वाट पाहावी. कर्ल्यू सँडपायपरची शेपटीवरची जागा सलग पांढरी दिसते, डनलिनच्या त्याच जागी मधून काळी रेघ जाते. एप्रिलमध्ये थांबलेले कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल होतात, तेव्हा ओळखीचा प्रश्नच उरत नाही. सँड प्लोव्हर नोंदवताना ध्यानात ठेवावे की पूर्वीच्या ‘लेसर सँड प्लोव्हर’च्या आता सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन जाती मानतात. पश्चिम भारतात मुख्यत्वे तिबेटी येतो.

यांतल्या काही पक्ष्यांची जगभरातली संख्या घसरते आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) २०२४च्या संकटग्रस्त जातींच्या यादीत कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर ‘असुरक्षित’ गटात गेले, तर डनलिन ‘संकटसमीप’ ठरला.

किनाऱ्याच्या रक्षणाची चर्चा झाली की बोट दाखवले जाते ते चिखलाकडे. त्याच्याइतकीच मोलाची, पण दुर्लक्षित जागा म्हणजे भरतीतला विसावा. उधाणाला सगळा चिखल बुडतो तेव्हा हे थवे मिठागरांच्या पाळ्यांवर, उघड्या खाजणावर आणि उथळ डबक्यांत दोन-तीन तास उभे राहतात. लांबच्या उड्डाणासाठी साठवायची चरबी या विश्रांतीतच वाचते. चारही बाजूंना मोकळे दिसेल अशीच जागा त्यांना चालते, कारण शिकारी पक्षी दुरूनच दिसावा लागतो. मिठागर बंद पडून तिथे वेडी बाभूळ माजली की तो विसावा संपला. तिवरांच्या लागवडीचेही तसेच आहे. जंबुसरच्या किनाऱ्यावर ती मोठ्या प्रमाणात झाली असून धूप थांबवायला आणि माशांच्या पिल्लांना तिचा फायदाच होतो. मात्र उघड्या चिखलावर सरसकट रोपे लावली तर चिखलपक्ष्यांची चरण्याची जागा जाते. पूर्वी तिवरे होती तिथेच लावावीत आणि लागवडीआधी एक हिवाळा पक्ष्यांची मोजणी व्हावी.

उद्योगांचा भार वाढता आहे. बडोद्याच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८३पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून सारोदजवळ महीच्या खाडीत सोडले जाते. जंबुसर तालुक्यातल्या औषधनिर्मिती उद्यानाची पायाभरणी २०२२मध्ये झाली. आखातावर बांध घालून गोडे पाणी साठवण्याची कल्पसर योजना प्रत्यक्षात आली, तर बांधाच्या आतली भरती-ओहोटीच थांबेल आणि तिच्यावर जगणारा चिखल उरणार नाही. वीजवाहिन्यांचा धोका रोहितांना विशेष, कारण ते रात्री उडतात. तारांवर ठळक खुणा बसवल्या की टक्कर कमी होते.

याच पक्ष्यांची दुसरी बाजू डभोई तालुक्यातल्या वढवाणा तलावावर दिसते. गायकवाडी राज्यात १९१०मध्ये सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक पाहायला इथे जावे. तलाव काठोकाठ असताना चिखलपक्षी जवळजवळ नसतात. सिंचनाला पाणी सोडून कडेची माती उघडी पडली की ते येतात.

बडोदा शहरात पक्ष्यांसाठी सर्वांत वाईट दिवस उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे. बगळे, शराटी आणि करकोचे सकाळी झाडांवरून निघतात आणि संध्याकाळी परततात, नेमका तेव्हा मांजा पंख कापतो. सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी पाचनंतर पतंग न उडवण्याचे आवाहन त्यासाठीच असते. कृत्रिम धाग्याच्या मांजावर २०१७पासून बंदी आहे. जखमी पक्षी सापडला तर अंगावर कापड टाकून उचलावा, लांब चोचीच्या पक्ष्यापासून डोळे जपावेत, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावा आणि १९६२ या पशु-पक्षी मदत क्रमांकावर फोन करावा. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. मांजा ओढून काढू नये, जखमेपासून थोड्या अंतरावर कापावा.

मोजणी जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेशी जोडली तर तिचा उपयोग वाढतो; ती १९८७पासून चालू आहे. थव्यातले दहा पक्षी प्रत्यक्ष मोजून त्या दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरावे, मग त्या मापाने शंभराचा गट आणि पुढे सगळा थवा. थवा उडालेला असताना आकडा नेहमी कमी भरतो, म्हणून बसलेला असतानाच मोजावा. त्यासाठी त्याला उठवू तर मुळीच नये. नोंदीत तारीख, भरतीची वेळ आणि उभे राहण्याची जागा हवीच, नाहीतर पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना होत नाही. पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर पाय डावा की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, रंगांचा वरून खाली क्रम आणि अक्षरे लगेच लिहून घ्यावीत व छायाचित्रासह बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे पाठवावीत. अक्षरे वाचता आली नाहीत तरी रंगांचा क्रम कळवावा, त्यावरून कडी कोणत्या देशात घातली ते बहुधा समजते.