रंगभवन आणि मुंबईचा रॉक : श्रोत्यांच्या आठवणींमागचा इतिहास

१९७० ते २००० या काळात मुंबईत रॉक संगीताचे जे जाहीर कार्यक्रम झाले, त्यांचे ध्वनिमुद्रण फार थोडे उरले आहे आणि चित्रीकरण त्याहूनही कमी. रेकॉर्ड कंपन्यांना या संगीतात बाजारपेठ दिसत नव्हती, आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याला नियमित जागा नव्हती, आणि मराठी वृत्तपत्रांच्या दृष्टीने तो शहरातल्या एका लहानशा इंग्रजी बोलणाऱ्या वर्गाचा छंद होता. म्हणून या संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पहिला आधार घ्यावा लागतो तो त्या वेळी समोर बसलेल्या, आज पन्नाशी, साठी किंवा सत्तरी ओलांडलेल्या श्रोत्यांच्या आठवणींचा. या आठवणींत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात : रंगभवन हे खुले नाट्यगृह, ऑगस्टमधला पाऊस, परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करणारे बँड आणि घरी पोहोचवणारी शेवटची लोकल. या प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि ती कारणे ठाऊक असली, तरच आठवणींचा खरा अर्थ हाती लागतो.

या इतिहासाचा पहिला ठळक टप्पा म्हणजे सिमला बीट स्पर्धा. सिगारेटच्या एका छापाच्या जाहिरातीसाठी इम्पीरियल टोबॅको कंपनीने देशभरातल्या हौशी बँडसाठी ही स्पर्धा भरवली. शास्त्रीय संगीताच्या मैफलींसाठी मराठी माणसाला परिचित असलेल्या षण्मुखानंद सभागृहात तिची अंतिम फेरी रंगत असे. १९७० आणि १९७१ या वर्षांच्या स्पर्धांतील बँडच्या तबकड्या निघाल्या आणि शिलाँगच्या ‘फेन्टोन्स’सारख्या अनेकांचा आवाज त्यांमुळे टिकला. कोलकात्याहून निघणारे ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे तरुणांचे साप्ताहिक १९६७ ते १९७७ या काळात अशा बँडची दखल घेत होते. ते बंद पडल्यावर, एका शहरातल्या श्रोत्याला दुसऱ्या शहरात काय वाजते आहे हे कळण्याचा मार्गच बराच काळ उरला नाही. त्यापुढच्या दशकाबद्दलच्या आठवणी एकमेकींपासून तुटलेल्या का वाटतात, याचे एक कारण मला इथे दिसते.

या काळातली सर्वांत जास्त सांगितली गेलेली आठवण १९७२ सालची आहे. ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले होते. इथल्या वादकांना सोबत घेऊन त्यांनी स्टुडिओत आपल्या दोन गाण्यांचे मुद्रण केले आणि कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांबरोबर, त्यांचीच वाद्ये घेऊन, काही वेळ गायन-वादन केले. स्टुडिओतले मुद्रण २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाले. ‘स्लिप डिस्क’मधली रात्र मात्र मुख्यतः तिथे हजर असलेल्यांच्या सांगण्यातून पुढे आली, आणि ती जागा लहान असूनही ‘मी तिथे होतो’ असे सांगणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढत गेली. यात खोटेपणापेक्षा ओढ अधिक आहे, असे मला वाटते. ज्या संगीताने आयुष्याला वळण दिले, त्याच्या एवढ्या जवळून गेलेल्या क्षणात आपणही असायला हवे होते, ही ती ओढ.

मुंबईच्या रॉकला हक्काची म्हणावी अशी जागा मिळाली ती धोबी तलावच्या रंगभवनात. आज मराठी वाचकाला रंगभवनची गल्ली आठवते ती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे, कारण हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी तिथेच धारातीर्थी पडले. त्यापूर्वीची अनेक वर्षे मात्र ते नाव एका खुल्या नाट्यगृहाचे होते. राज्य सरकारच्या मालकीचे हे नाट्यगृह सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन लाइन्स आणि चर्चगेट ही तिन्ही स्थानके तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. डोंबिवली, ठाणे किंवा वसईहून आलेल्या मुलाला कार्यक्रम संपल्यावर शेवटची गाडी पकडता येईल, अशी दुसरी खुली जागा शहरात क्वचितच असेल. आठवणींत लोकल इतक्यांदा येते ती यामुळे.

धोबी तलावच्या परिसराचाही यात मोठा वाटा आहे. जेर महाल इमारतीत गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी चालवलेले कूड, म्हणजे सामायिक निवास, होते. कामाच्या शोधात मुंबईत आलेला गोवेकर आधी तिथे टेकायचा, आणि त्यांच्यात वादकही असत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी केवढे काम केले हे सर्वश्रुत आहे. १८६५ पासून चालत आलेले फुर्तादोस हे वाद्यांचे दुकान त्याच परिसरात आहे. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या ‘जॅझ इंडिया’ने पहिली जॅझ यात्रा भरवली, तीही रंगभवनातच. रॉकच्या श्रोत्यांना ही जागा सापडण्याआधी तिला पाश्चात्त्य संगीताची सवय झालेली होती.

मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड रंगभवनात वाजला. जगभराच्या दौऱ्यात मुंबई आणि कैरो अशी शहरे घेण्याचा तो काहीसा धाडसी बेत होता, आणि मुंबईतला कार्यक्रम भरवला तो ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या महिलांच्या सेवाभावी संस्थेने, जी एरवी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफलींसाठी ओळखली जाई. मुंबईत तेव्हा रॉकचा व्यावसायिक आयोजक म्हणावा असा जवळजवळ कोणीच नसल्याने हे काम धर्मादाय संस्था, महाविद्यालये आणि हौशी मंडळींकडे येत असे.

पुढच्या टप्प्यात महाविद्यालयांचे महत्त्व आणखी वाढले. आयआयटी मुंबईचा ‘मूड इंडिगो’ आणि झेवियर्सचा ‘मल्हार’ यांनी बँडना मंच दिला, आणि अनेकांनी आपला पहिला प्रत्यक्ष रॉक ऐकला तो अशाच महोत्सवात. वाद्यांची परिस्थिती बिकट होती. १९९१ च्या आधी आयातीवरील निर्बंध आणि जबर सीमाशुल्क यांमुळे चांगली इलेक्ट्रिक गिटार किंवा अँप्लिफायर दुकानातून विकत घेणे बहुतेकांना अशक्य होते. परदेशातून येणारा नातेवाईक, बोटीवर काम करणारा ओळखीचा माणूस किंवा एखाद्या जुन्या वादकाकडचे वापरलेले साहित्य, असे तेव्हाचे मार्ग होते. एकच गिटार एका संध्याकाळी तीन बँडनी वाजवल्याचे अनेकजण सांगतात, त्यात नवल नाही.

गाण्यांच्या नकलेचे कारणही इथेच शोधावे लागते. मूळ बँड भारतात येण्याची फारशी शक्यता नव्हती, त्यांच्या तबकड्या महाग आणि दुर्मीळ होत्या, काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये मिळालेली एक कॅसेट मित्रमंडळींत फिरून झिजत असे. अशा श्रोत्याला ‘डीप पर्पल’चे गाणे समोर, मोठ्या आवाजात आणि चूक न करता वाजताना ऐकायला मिळणे हीच मोठी गोष्ट होती. बँडने स्वतःचे गाणे सुरू केले की प्रेक्षक अस्वस्थ होत आणि ओळखीच्या गाण्याची मागणी करत, हे वादक आणि श्रोते दोघेही सांगतात. आजच्या तरुणाला हा कलेचा अनादर वाटेल. मला त्यात दुष्काळातली तहान दिसते.

हे चित्र बदलू लागले १९८० च्या दशकाच्या मध्यावर. १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड स्थापन झाला. १९८६ मध्ये भोपाळ वायुदुर्घटनेतील पीडितांसाठी मुंबईत झालेल्या कार्यक्रमात या बँडबरोबर गोव्याचे रेमो फर्नांडिसही गायले. त्याच वर्षी फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास होणारा, देशभरातल्या बँडना एका मंचावर आणणारा हा वार्षिक कार्यक्रम ‘आय-रॉक’ या नावाने लोकांच्या तोंडी बसला आणि रंगभवन हेच त्याचे घर झाले. तारीख ऑगस्टमधली आणि नाट्यगृह उघडे, म्हणून आठवणींत चिखल आहे, भिजलेले काळे टी-शर्ट आहेत आणि वायर भिजू नयेत म्हणून चाललेली धावपळ आहे. पुढे मुंबईचा ‘पेंटाग्राम’ आणि दिल्लीचा ‘परिक्रमा’ यांसारखे बँड इथे ऐकलेल्या पिढीचा रॉकशी असलेला संबंध आधीच्या पिढीपेक्षा वेगळा होता, कारण तिला आपल्याच शहरांतल्या बँडची स्वतःची गाणी पाठ होऊ लागली होती. ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये स्वरचित गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. उपग्रह वाहिन्यांमुळे त्यांचे व्हिडिओ घराघरांत दिसू लागले. त्याच वर्षी अलाहाबादहून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे रॉक संगीताचे नियतकालिक सुरू केले. ‘ज्युनियर स्टेट्समन’नंतर पडलेली पोकळी सोळा वर्षांनी काही अंशी भरली.

उदारीकरणानंतर परदेशी कलाकार येऊ लागले. १९९४ मध्ये ‘जेथ्रो टल’ आणि ब्रायन अ‍ॅडम्स, १९९५ मध्ये ‘डीप पर्पल’ आणि ‘बॉन जोव्ही’, आणि एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर ‘रोलिंग स्टोन्स’. कॅसेटवर वाढलेल्या पिढीने आपले वादक पाहिले तेव्हा ते वादकही प्रौढ झाले होते आणि श्रोतेही, आणि त्यामुळे या आठवणींत उशिराच्या भेटीचा हळवेपणा आहे.

त्याच सुमारास रंगभवन मात्र बंद झाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद झाली, आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई झाली. शांतता क्षेत्रातली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे, म्हणजे कोणताही बँड ती पहिल्या ठोक्यालाच ओलांडणार. रंगभवनच्या शेजारी महाविद्यालय आहे, कामा आणि जी. टी. ही रुग्णालये आहेत आणि किल्ला न्यायालयही आहे. २००३ पासून तिथे ध्वनिक्षेपकावरचे कार्यक्रम होऊ शकले नाहीत. राज्य सरकारला वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण ती गणेशोत्सव आणि नवरात्रीसारख्या सणांच्या वाट्याला जाते आणि शांतता क्षेत्राला लागूही होत नाही. जुने श्रोते या निर्णयाबद्दल आजही रागाने बोलतात. रुग्णालयातल्या माणसाचा झोपेचा हक्क मला निर्विवाद वाटतो, परंतु एक जागा बंद करताना तिच्या बदल्यात स्थानकाजवळची, परवडणारी दुसरी जागा शहराने दिली नाही, ही तक्रार रास्त आहे.

‘आय-रॉक’ अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या ठिकाणी फिरत राहिला, आणि मोठे कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलात आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेले. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ने आपला जागतिक दौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. त्या दौऱ्यावरच्या माहितीपटात मुंबईचे प्रेक्षक दिसतात, आणि तिथे असलेल्यांना आपली आठवण पडद्यावर पडताळून पाहता येते, जे रंगभवनच्या श्रोत्याला कधीच शक्य झाले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ‘यू टू’ आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ यांचे नेरूळचे कार्यक्रम तर हजारो मोबाइलवर साठवले गेले आहेत.

जुन्या आठवणी पडताळताना माझा अनुभव असा की त्यांतली वर्षे आणि गाण्यांचा क्रम बहुधा चुकतो, दोन वर्षांचे ‘आय-रॉक’ एक होऊन जातात. जागा, सोबतचे मित्र, स्पीकर कुठे होते आणि परतीची गाडी कुठून पकडली हे मात्र सहसा चुकत नाही. तिकिटांचे अर्धे तुकडे, ‘रॉक स्ट्रीट जर्नल’चे अंक आणि घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेट ज्यांनी जपल्या, त्यांच्या साहाय्याने तारखा अजून लावता येतात. अनेक वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये माझगावला ‘आय-रॉक’ पुन्हा भरला. रंगभवनच्या नूतनीकरणाच्या घोषणा अनेकदा झाल्या, पण ध्वनिक्षेपकासह खुला कार्यक्रम तिथे व्हायचा, तर शांतता क्षेत्राचा तोच प्रश्न आधी सोडवावा लागेल.