टोर्नेडोचे इशारे: किती सांगायचे आणि किती जोरात

मार्च ते जून या काळात ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास आणि अलाबामा-मिसिसिपीच्या पट्ट्यात टोर्नेडोचे इशारे निघू लागले की जुनाच वाद नव्याने सुरू होतो. अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याने लोकांना उगाच घाबरवले, असे एक बाजू म्हणते. सांगायला उशीर झाला, असे दुसरी म्हणते. डॅलसकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हा वाद आता परका राहिलेला नाही.

त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. १८८४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या सिग्नल दलातील एका तरुण हवामानतज्ज्ञाने टोर्नेडोचे प्रायोगिक अंदाज काढायला घेतले. ते दशक संपण्याआधीच सरकारी अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरायला मनाई झाली. वादळाने होईल त्याहून जास्त नुकसान घबराटीने होईल, हे त्यामागचे कारण. ही मनाई १९३८ पर्यंत टिकली. मधल्या काळात, १८ मार्च १९२५ रोजी, मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टोर्नेडो साडेतीन तासांत सुमारे ३५० किलोमीटर गेला आणि ६९५ माणसे मेली. घबराट मात्र टळली.

पुढचे वळण आले ते ओक्लाहोमा सिटीजवळच्या टिंकर हवाई तळावर. २० मार्च १९४८ च्या रात्री टोर्नेडोने तळावरच्या विमानांचा चुराडा केला, नुकसान सुमारे एक कोटी डॉलरचे. तळप्रमुखांनी दोन हवामान अधिकाऱ्यांना जुने नकाशे काढून अभ्यासाला बसवले. पाचच दिवसांनी, २५ मार्चच्या सकाळी, समोरचा नकाशा त्या दिवसासारखाच दिसू लागला. अंदाज द्यायला दोघेही नाखूश होते. एकाच तळावर आठवड्यात दोनदा टोर्नेडो येणे जवळपास अशक्य, हे त्यांना चांगलेच माहीत होते. तरी दुपारी तीनच्या सुमारास अंदाज निघाला, विमाने हलवली गेली आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास टोर्नेडो खरोखरच तळावरून गेला. यात नशिबाचा वाटा मोठा होता, पण त्या संध्याकाळनंतर ‘हे जमतच नाही’ असे म्हणणे नागरी खात्याला अवघड झाले. जुलै १९५० मध्ये खात्याच्या प्रमुखांनी परिपत्रक काढून, टोर्नेडोचा अंदाज द्यायची आपली तयारी किंवा कुवत नाही असा अर्थ निघेल अशी विधाने टाळायला कर्मचाऱ्यांना बजावले. मार्च १९५२ पासून नागरी खात्याचे स्वतःचे अंदाज निघू लागले.

सवय मात्र लगेच सुटली नाही. ९ जून १९५३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला ९४ माणसे मेली. त्या सकाळी बॉस्टनच्या कार्यालयात टोर्नेडोचा उल्लेख करण्याचा विचार झाला होता, आणि लोक घाबरतील म्हणून केवळ तीव्र गडगडाटी वादळाचा अंदाज देऊन वेळ निभावली होती. एप्रिल १९६५ मधल्या पाम संडेच्या वादळांत अडीचशेहून अधिक लोक मेल्यावर ‘वॉच’ (टोर्नेडो येण्याजोगी हवा आहे, सावध राहा) आणि ‘वॉर्निंग’ (टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची चिन्हे आहेत, आसरा घ्या) असे दोन स्पष्ट टप्पे ठरले. एप्रिल १९७४ मध्ये दीड दिवसाच्या आत १४८ टोर्नेडो आले आणि हवामान रेडिओचे जाळे वाढवायला जोर मिळाला. नव्वदच्या दशकात वादळाच्या आतला वारा कसा फिरतो हे दाखवणारे डॉप्लर रडार देशभर बसले. इथपर्यंतचा प्रवास साधारण सरळ आहे.

गुंता झाला २०११ नंतर. त्या वर्षी टोर्नेडोंनी ५५३ जीव घेतले. २२ मे, रविवार, मिसुरीतले जॉप्लिन हे गाव. संध्याकाळी ५.११ ला भोंगे वाजले, ५.१७ ला गावाला लागू होणारा नवा इशारा निघाला, ५.३८ ला भोंगे पुन्हा वाजले. त्यानंतर काही मिनिटांतच टोर्नेडो दाट वस्तीत शिरला. मृतांचा आकडा १५० च्या पुढे गेला. म्हणजे इशारा वेळेत होता. तरी नंतरच्या चौकशीत दिसले ते असे की बहुतेकांनी पहिल्या इशाऱ्याला आसरा घेतलाच नव्हता. कुणी टीव्ही लावला, कुणी फोन करून विचारले, कुणी बाहेर येऊन आकाश पाहिले. भोंगे नेहमीच वाजतात, हे उत्तर पुन्हा पुन्हा आले. ते खोटेही नव्हते: त्या काळात देशभरातल्या दर चार टोर्नेडो इशाऱ्यांपैकी साधारण तीन फुकट जात.

खात्याने यावर दोन दिशांनी हात घातला. एप्रिल २०१२ पासून कॅन्सस-मिसुरीतल्या पाच कार्यालयांत इशाऱ्यांची भाषा बदलली. आता मजकुरात ‘पूर्ण विध्वंस’, ‘आसरा नसेल तर जगणे शक्य नाही’ अशा धर्तीची वाक्ये येऊ लागली, अर्थात सर्वांत भयानक टोर्नेडोंपुरतीच. ज्या खात्याने पन्नास वर्षे एक शब्द गिळला, त्याच खात्याची ही भाषा. टीकाकारांचे म्हणणे होते की काही इशाऱ्यांत असा चढा स्वर लागला की साधा इशारा लोकांना मामुली वाटेल. पुढे ही पद्धत देशभर गेली आणि आज ती रुळली आहे.

दुसरी दिशा कमी गाजली, पण वाद खरा तिच्याबद्दल आहे. फुकट जाणारे इशारे कमी करायचे, म्हणजे खात्री वाढेपर्यंत थांबायचे. २०१२ नंतर वाया जाणाऱ्या इशाऱ्यांचे प्रमाण थोडे उतरले, पण त्याची किंमतही दिसली: इशारा आणि टोर्नेडो यांमधला सरासरी अवधी तेरा मिनिटांच्या आसपास होता, तो आठ-नऊ मिनिटांवर आला आणि इशाऱ्याविना आलेल्या टोर्नेडोंचा वाटा वाढला. या सरासरीत एक मेख आहे. इशारा निघालाच नाही तर तो अवधी शून्य धरतात, त्यामुळे निसटलेल्या प्रत्येक दुबळ्या टोर्नेडोने आकडा खाली येतो. मोठ्या टोर्नेडोंचे चित्र इतके वाईट नाही, हा खात्याच्या बाजूचा युक्तिवाद बरोबरच आहे. पण फिरत्या घरांत राहणाऱ्याला, म्हणजे ट्रेलरवरून आणून ठेवलेल्या हलक्या घरातल्या माणसाला, दुबळा टोर्नेडोही पुरतो. त्याला उठून दुसऱ्या इमारतीत जावे लागते. तळघर असलेल्याला नऊ मिनिटे भरपूर. याला तेराही कमीच. सौदा कुणाच्या जिवावर झाला, हे सरासरीच्या आकड्यात दिसत नाही.

आदल्या दिवशीच्या अंदाजांतही असाच घोळ आहे. २०१४ मध्ये धोक्याच्या पायऱ्या तीनवरून पाच झाल्या. आता इंग्रजी नावांच्या क्रमाने ‘एनहान्स्ड’ (वाढीव) ही पायरी ‘मॉडरेट’च्या (मध्यम) खाली येते, आणि कितीतरी लोकांना हा क्रम उलटा वाटतो. २० मे २०१९ ला सर्वांत वरची पायरी जाहीर झाली. ओक्लाहोमा सिटी आणि आसपासच्या शाळांनी सुट्टी दिली. त्याला आधार होता: २०१३ मध्ये याच तारखेला जवळच्या मूर गावातल्या एका प्राथमिक शाळेत सात मुले दगावली होती, आणि त्या इमारतीत सुरक्षित खोली नव्हती. २०१९ मध्ये राज्यात टोर्नेडो आले, पण शहरावर मोठे संकट आले नाही, आणि टीका सुरू झाली. रेड अलर्टला शाळा बंद ठेवून दिवसभर ऊन पडल्यावर मुंबईत जी चर्चा होते, तीच ही.

गडगडाटी वादळांच्या बाबतीत मात्र खात्याने कात्री लावण्याचा निर्णय बराच आधी घेतला. २०१० मध्ये इशाऱ्यासाठी गारेचा किमान आकार पाऊण इंचावरून एक इंच झाला. वाऱ्याची मर्यादा ताशी ९३ किलोमीटरच राहिली. ऑगस्ट २०२१ पासून या वादळांच्या इशाऱ्यांनाही नुकसानीच्या पातळ्या लागल्या. मोबाइल आपोआप किंचाळतो तो फक्त वरच्या पातळीला: सुमारे सात सेंटिमीटरची गार किंवा ताशी १३० किलोमीटरच्या घरातला वारा. त्याखालच्या वादळाची खबर हवी असेल तर रेडिओ, टीव्ही किंवा ॲपवर लक्ष ठेवावे लागते.